पोझ आल्या, माणसंच नाहीत : डाझ स्टुडिओचं बिऱ्हाड हलवताना

नव्या कॉम्प्युटरवर डाझ स्टुडिओ हे त्रिमितीय माणसं उभी करायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि डाव्या यादीत माझी ‘भाकरी थापणारी’ ही पोझ, म्हणजे जतन केलेली बैठक, दिसली. जीव भांड्यात पडला. दोनदा क्लिक केलं, तर आधी आकृती निवडा असा निरोप. आकृती शोधायला गेलो तर एकही नाही. बाई नाही, बुवा नाही, पोर नाही. उखळात कांडणारी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेली वारकरीण, सदतीसच्या सदतीस पोझ हजर आणि त्या घ्यायला गावात माणूस नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. वाई तालुक्यातल्या एका हायस्कुलात ३१ वर्षं शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर दोन कामं मागं लागली, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि गणपती मंडळांच्या देखाव्यांची संकल्पचित्रं. शाळेत एक लाकडी मॅनेकिन, म्हणजे सांधे वळणारा बाहुला, होता, त्याची मान कायम ढिली. आता माझा मॅनेकिन म्हणजे डाझ स्टुडिओ. यात तयार त्रिमितीय माणूस मिळतो. त्याचे सांधे वळवायचे, कपडे चढवायचे, उजेड कुठून पाडायचा ते ठरवायचं आणि रेंडर, म्हणजे त्याचं तयार चित्र, काढायचा. तो रेंडर मी क्रिटा या रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या थरावर ठेवतो आणि वर हातानं रंगवतो. काही मंडळी याला कॉपी म्हणतात. वरून दिसणारी, मांडी घालून बसलेली बाई ज्यांनी एकदा तरी मनानं काढून पाहिलीय, ते म्हणत नाहीत.

सॉफ्टवेअर २०१२ पासून फुकट आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातली कंपनी, आणि कमाई सामानावर: माणसं, केस, कपडे, घरं, झाडं, उजेडाचे संच. त्यांची जेनेसिस ८ ही आकृती २०१७ ची, जेनेसिस ९ ही २०२२ ची. मी अजून आठवरच आहे, कारण माझ्या पोझ आठसाठी केलेल्या. दुकानात सोफ्यावर रेललेली बाई मिळते, तलवार उपसलेली मिळते, कॅफेत कप धरलेली तर ढिगानं मिळते. एक गुडघा उभा करून परातीपुढं बसलेली मला तरी सापडली नाही. ती मी कंबर, मांडी, घोटा, बोटं असं एकेक वळवून बसवली. मांडी आणि पोटरी एकमेकांत घुसू नयेत म्हणून दोन संध्याकाळी गेल्या. त्यामुळे या परीक्षणात मी सॉफ्टवेअर चित्रं कशी काढतं त्यावर फार बोलणार नाही. ते उत्तम काढतं. मला सांगायचंय ते वेगळं: सात वर्षं साठवलेलं सामान एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायची वेळ आली की ते कसं वागतं.

वेळ का आली? जुना कॉम्प्युटर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. शिवाय ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. डाझमधला आयरे हा रेंडरर अख्खा देखावा, म्हणजे डाझमध्ये मांडलेला प्रसंग, कार्डाच्या मेमरीत मावला तरच कार्डावर चालतो, नाही मावला की काम प्रोसेसरच्या गळ्यात. तीन बायका, घाटाच्या पायऱ्या, चार घागरी, की ४ जीबी संपले. रात्री रेंडर लावायचा आणि सकाळी दूध तापवताना डोकवायचं. शेवटी मुलानं पुण्याहून आरटीएक्स ३०६० चं, १२ जीबीवालं मशीन बांधून पाठवलं. ८६,००० रुपये. आकडा बायकोला सांगितला तो थोडा कमी करून.

आता सामान हलवायचं. भाच्याच्या ओम्नीत दोन्ही डबे घातले आणि साताऱ्यातल्या एका दुकानात गेलो. ‘डेटा ट्रान्सफर ७०० रुपये’ अशी पाटी. मुलगा बोलायला मऊ. “काका, टेन्शन घेऊ नका. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स, समदं घेतो.” संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा विचारलं, “डाझचं पण घेतलंस ना?” त्यानं डॉक्युमेंट्स उघडून दाखवलं. “हे काय, डाझ थ्रीडी. आलंय की.” फोल्डर होतं खरं. १८० एमबीचं. माझी लायब्ररी २१४ जीबीची. एमबी आणि जीबी यांतला फरक मला कळतो, पण त्या वेळी माझं लक्ष परतीच्या वाटेवर होतं आणि भाचा बाहेर हॉर्न वाजवत होता.

घरी येऊन काय झालं ते वर सांगितलंच. मग दोन दिवस डोकं घालून डाझचं घर समजून घेतलं. घर एक नाहीच. वाडा वाटणीनंतर भावाभावांत तुटतो तसं ते तुटलेलं आहे. विकत घेतलेला माल डाझ इन्स्टॉल मॅनेजर उतरवतो आणि तो ठेवतो सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये, तिथल्या पब्लिकमध्ये, तिथल्या डॉक्युमेंट्समध्ये, ‘माय डाझ थ्रीडी लायब्ररी’ नावाच्या फोल्डरात. ही सगळ्या वापरकर्त्यांची सामाईक ओसरी. तिकडं एरवी कुणी फिरकत नाही, म्हणून दुकानातला मुलगाही फिरकला नाही. तुम्ही स्वतः जतन केलेलं, म्हणजे पोझ आणि देखावे, जातं तुमच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये, ‘डाझ थ्रीडी’, ‘स्टुडिओ’, ‘माय लायब्ररी’ अशा वाटेनं. आणि तिसरी खोली डोळ्याला दिसतच नाही, ती पोस्टग्रेस्क्यूएलचा डेटाबेस, म्हणजे सामानाच्या नोंदींची वही. तिच्याबद्दल पुढं.

दुकानातून आली ती फक्त मधली खोली. म्हणून पोझ आल्या आणि माणसं मागं राहिली.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, सगळं खात्यात आहेच की. नव्यावर इन्स्टॉल मॅनेजर टाका, पुन्हा उतरवून घ्या.” हे बरोबर आहे आणि ही या कंपनीच्या बाजूनं मोठी गोष्ट आहे. एकदा घेतलेलं खात्यात राहतं, पुन्हा उतरवायला पैसे पडत नाहीत. पण २१४ जीबी वाईच्या ब्रॉडबँडवर, आणि मध्ये दिवे जाणार ते वेगळंच. शिवाय त्यातलं साठेक जीबी इन्स्टॉल मॅनेजरच्या यादीत नाहीच. दुसरीकडून घेतलेलं, कुणी फुकट वाटलेलं, झिप उघडून मी स्वतः त्याच लायब्ररीत कोंबलेलं. ते कुठून उतरवणार? तेव्हा कॉपी.

एक्स्टर्नल डिस्क लावली, फोल्डर ओढून टाकलं. फायली चार लाख साठ हजार! एका शर्टाला एक छोटी फाइल, तिचं छोटं चित्र, हातावर सुरकुती पडायची एक, ओठ मुडपायची एक. मोठी फाइल धावते, बारक्या फायली मुंग्यांसारख्या रांगेनं जातात. सकाळी उठून पाहतो तर गाडी ३८ टक्क्यांवर उभी आणि विंडोज विचारतंय की या फाइलचं नाव फार लांब आहे, काय करू? रात्रभर माझ्या उत्तराची वाट बघत होतं बिचारं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. डाझची नावं मुळातच लांबलचक, त्यात मी डिस्कवर ‘जुन्या कॉम्प्युटरवरचं डाझचं सगळं सामान दिवाळीआधी’ असं फोल्डर केलेलं. मास्तरकी नडली. नाव बदलून ‘डाझ’ केलं.

दुसऱ्या खेपेला मुलानं रोबोकॉपी लिहून पाठवली. ही विंडोजमध्येच असते, काळ्या खिडकीत चालते. अडलेली फाइल नोंदवून पुढं जाते, आणि पुन्हा चालवली तर आधी आलेल्या फायली सोडून राहिलेल्याच घेते. फक्त एक: तिला सांगितलं नाही तर ती अडलेली फाइल दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा घ्यायला बघते. एवढी चिकाटी मी दहावीच्या एकाही पोरात पाहिली नाही. मुलानं तो आकडा एकवर आणून दिला होता. जुन्यातून डिस्कवर नऊ तास, डिस्कवरून नव्यात तीन.

यानंतरचा भाग मात्र मला फार आवडला. नव्या मशीनवर लायब्ररी मी डी ड्राइव्हवर ठेवली, सीवर नाही. आता सगळे जुने देखावे रस्ता चुकणार अशी तयारी ठेवून बसलो. प्रेफरन्सेसमधल्या कंटेंट टॅबवरून कंटेंट डिरेक्टरी मॅनेजर उघडला आणि त्याला नवा पत्ता दिला. पत्ता देताना ज्या फोल्डरच्या पोटात ‘डेटा’, ‘रनटाइम’, ‘पीपल’ ही फोल्डरं दिसतात नेमकं तेच द्यायचं, एक पायरी वर नको की खाली नको. मी पहिल्यांदा एक पायरी वर दिलं होतं आणि परत माणसं गायब. दुरुस्त केलं. मग २०२१ मधला ‘घाटावरच्या तिघी’ उघडला. उघडला! पायऱ्या, घागरी, तिघी, केसांतले गजरे, सगळं जागच्या जागी.

कारण साधं आहे आणि ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला दाद द्यायला हवी. डाझची देखाव्याची फाइल, डीयूएफ, ही दाबून बांधलेला मजकूरच असते. झिपा उघडणाऱ्या सेव्हन-झिप प्रोग्रॅमनं सोडवली तर वाचता येते. तिच्यात ‘सी ड्राइव्हवरचं अमुक’ असं लिहिलेलं नसतं, लायब्ररीच्या आत अमुक ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे ‘सातारा जिल्हा, मुक्काम पोस्ट’ नाही, नुसतं ‘माजघरातल्या कोनाड्यात डावीकडं’. घर कुठल्या गावाला हलवा, कोनाडा तोच. रेंडर लावून चहा टाकायला गेलो. चहा गाळून, पिऊन, कप विसळून आलो, चित्र तयार. अकरा मिनिटं.

आणि मग तिघींतल्या मधलीकडं लक्ष गेलं. तिच्या साडीला काठ नव्हता. पांढराफटक.

त्या साडीची गोष्ट सांगायला हवी. नऊवारीची घडी मी स्वतः घडवली नव्हती. एक लांब झग्यासारखा कपडा लावून, सोगा आणि कासोटा वर क्रिटात रंगवायचा ही माझी पद्धत. पण काठ खरा हवा म्हणून बायकोच्या लग्नातल्या इरकलीचा फोटो काढला, सरळ केला आणि कपड्यावर चढवला. तो फोटो कुठं ठेवला होता? डेस्कटॉपवर. लायब्ररीच्या बाहेर. बाहेरच्या चित्राचा मात्र डाझ पूर्ण पत्ता लिहून ठेवतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट, आणि तो पत्ता आता ओसाड. देखावा उघडताना सापडत नसलेल्या फायलींची यादी समोर आली होती. ती मी सवयीनं बंद केली होती, जशी आपण बँकेचे मेसेज बंद करतो. यादीत एकच ओळ होती, तीच काठाची.

म्हणजे बघा, परदेशातल्या कुणाकुणाच्या हातचे केस, झाडं, पायऱ्या, सगळं बिनचूक पोचलं. घरचा काठ तेवढा वाटेत पडला. बायकोनं मागून पाहिलं. “अगंबाई, हिची साडी कुणी धुतली?”

सापडला म्हणा तो फोटो, दुकानातून आलेल्या ‘ओल्ड डेटा’ फोल्डरात. म्हणजे ७०० रुपये अगदीच वाया गेले नाहीत. पण आता असे सगळे फोटो, काठ, गोधड्यांची ठिगळं, मेणवलीच्या घाटाचा दगड, मी ‘माय लायब्ररी’च्या आत रनटाइममधल्या टेक्स्चर्समध्ये, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांच्या फोल्डरात, स्वतःच्या नावाचं फोल्डर करून तिथंच ठेवतो आणि तिथूनच चढवतो. हे आधीच केलं असतं तर या परीक्षणातले दोन परिच्छेद वाचले असते.

आता ती न दिसणारी खोली. सात वर्षांत मी सामानाची वर्गवारी लावली होती. ‘देखावा’, ‘मुखपृष्ठ’, ‘म्हातारी माणसं’, ‘पावसाळा’. कंटेंट लायब्ररीतल्या कॅटेगरीज. ही वर्गवारी फायलींत नसते, डेटाबेसमध्ये असते. फायली उचलून नेल्या तरी ती मागंच राहते. नव्यावर नुसत्या कंपनीच्या कॅटेगरीज आणि माझे कप्पे गुल. सुदैवानं जुना डबा अजून चालू होता. त्याच्यावर डाझ उघडून कंटेंट लायब्ररीच्या मेनूतून ‘कंटेंट डीबी मेंटेनन्स’मध्ये गेलो. तिथं ‘एक्सपोर्ट युजर डेटा’ आहे. ते केल्यावर वर्गवारी लायब्ररीच्या आतल्या फायलींत उतरते. मग लायब्ररीची रोबोकॉपी पुन्हा चालवली, नवीन तेवढंच आलं, आणि नव्या मशीनवर त्याच खिडकीतून ‘री-इम्पोर्ट मेटाडेटा’. ते चालू असताना जेवण, वामकुक्षी आणि एक फेरी ढोल्या गणपतीपर्यंत करून आलो. कप्पे परत आले. तुमचा जुना कॉम्प्युटर बंद पडलेला असेल तर हा रस्ता तुम्हाला नाही, म्हणून ‘एक्सपोर्ट युजर डेटा’ आत्ताच करून ठेवा. मी आता दर अमावस्येला करतो. तिथीचा काही संबंध नाही, लक्षात राहतं एवढंच.

इन्स्टॉल मॅनेजरबद्दल थोडं, कारण त्याच्याकडं लोक दुर्लक्ष करतात. कुठल्या मालाच्या कुठल्या फायली कुठं टाकल्या याची पावती तो मॅनिफेस्ट फाइल्स नावाच्या फोल्डरात ठेवतो, तेही सामाईक डॉक्युमेंट्सकडंच. लायब्ररीबरोबर ते फोल्डरही नेलं आणि मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये नवे पत्ते दिले, तर ‘इन्स्टॉल्ड’ टॅबवर जुनी यादी जशीच्या तशी दिसते. नाही नेलं तर त्याला वाटतं तुमच्याकडं काहीच नाही, आणि तो सगळा माल पुन्हा उतरवायच्या यादीत दाखवतो. दिसायला मॅनेजर सरकारी कार्यालयासारखा आहे, करड्या रंगाच्या याद्या आणि चौकोन. पण कारकून चोख. मी त्याचा उपयोग निकाली माल काढायलाही केला. जेनेसिस ८ ची आकृती उघडताना तिच्यासाठी बसवलेल्या सगळ्या चेहऱ्या-शरीरांच्या फायली ती चाळते. माणसं जितकी जास्त घ्याल तितकी प्रत्येक आकृती उघडायला उशीर. माझ्याकडं सेलमध्ये घेतलेले चार ड्रॅगन होते. मला ड्रॅगनचं काय काम? ७० टक्के सूट होती. ड्रॅगन, अंतराळवीरांचे बूट, एक पूर्ण स्कॉटिश किल्ला, सगळं मॅनेजरमधून काढलं. फोल्डरात हात घालून काढू नका. एकाची फाइल दुसऱ्याच्या कामाची असते आणि आपल्याला कळत नाही. ३१ जीबी हलके झाले.

गुण द्यायचेच तर पाचापैकी चार. देखाव्याच्या फायलींत सापेक्ष पत्ता ठेवण्याला आणि खात्यातला माल पुन्हा पुन्हा देण्याला पैकीच्या पैकी. एक गुण कापला तो सामान तीन खोल्यांत ठेवून एकाच दारावर पाटी लावल्याबद्दल. ‘सगळं सामान बांधा’ असं एखादं बटण असतं तर माझ्यासारख्याला दहा दिवस लागले नसते. ज्यांच्याकडं पाच-पन्नास वस्तू आहेत त्यांनी माझ्या भानगडीत पडू नये, सरळ पुन्हा उतरवून घ्यावं. शंभर जीबीच्या वर गेलेल्यांनी, त्यातही हातानं झिपा उघडून कोंबणाऱ्यांनी, कॉपीच करावी. आणि हाताचं सामान विकतच्यात मिसळू नये. मी आता तिसरं फोल्डर केलंय, ‘बाहेरचं’, आणि डिरेक्टरी मॅनेजरमध्ये त्याचा पत्ता वेगळा दिलाय. डाझला कितीही पत्ते चालतात.

जुना डबा अजून हॉलमध्ये टेबलाखाली आहे. काल बायकोनं त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवली आणि विचारलं, “अहो, हा कधी जायचाय?” मी म्हटलं, आठवडाभर थांब. कारण परवा एका मंडळाचा जुना देखावा उघडला तर सापडत नसलेल्या फायलींची यादी पुन्हा आली, या वेळी अकरा ओळींची. त्यातल्या नऊ मिळाल्यात.